पप्पांचा पहिला स्मृतिदिन: पुस्तिका, कबरीचा दगड आणि उपासना, माहिती हवी आहे

रविवारची_शाळा यांचा प्रश्न

नमस्कार. माझे पप्पा यंदा मार्चमध्ये प्रभूमध्ये विसावले. वय ८१. १९६३ ला फौजेत भरती झाले, आर्मी एज्युकेशन कोअरमधून १९७९ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मग बी.एड. करून १९८० ते २००१ मध्य मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत भूगोल आणि मराठी शिकवलं. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूलही त्यांनीच सांभाळलं. आम्ही प्रोटेस्टंट आहोत. दफन शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत झालं. तिथे सध्या लाकडी क्रूस आणि रंगवलेली पत्र्याची पाटी आहे.

मार्चच्या स्मृतिदिनापर्यंत तीन गोष्टी व्हाव्यात असं घरात ठरलंय. ए-फाइव्ह आकाराची २४ पानांची स्मरणपुस्तिका, कबरीवर कायमचा दगड, आणि चर्चमध्ये स्मरणार्थ उपासना. हातात चार महिने आहेत.

अडचणी अशा. जन्मतारीख दोन कागदांवर दोन वेगळ्या आहेत, एकावर १ जून आणि दुसऱ्यावर ऑगस्टमधली. घरात कोणी म्हणतं ते मराठा पलटणीत होते, कोणी म्हणतं नव्हते. पेटीत चार गोल पदकं आणि रिबनी आहेत, कुठलं कशाचं ते कोणाला सांगता येत नाही. काकांचा आग्रह आहे की उपासनेत फोटोवर तिरंगा पांघरावा आणि बिगुल वाजवावा. जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेत. माजी विद्यार्थ्यांना व्हॉट्सॲपवर आठवणी मागितल्या, २६ आल्या, पण सगळ्यांत ‘शिस्तप्रिय, प्रेमळ, मनमिळाऊ’ एवढंच. वाचून पप्पा कुठे दिसतच नाहीत.

ज्यांना यातली माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

माजी_सैनिक_मदत

ताई, प्रथम सांत्वन. पुस्तिका आणि दगड दोन्हींच्या आधी एक कोरी वही घ्या आणि तारखा पक्क्या करा. पुस्तिकेतली चूक फार तर चिकटपट्टी लावून झाकता येईल, दगडावरची नाही.

पहिला कागद म्हणजे डिस्चार्ज बुक. त्यात भरतीची तारीख, आर्मी नंबर, ट्रेड, शेवटचा हुद्दा, पदकं, शिक्षणाचे दाखले आणि चारित्र्याचा शेरा असतो. तो शेरा ‘एक्झेम्प्लरी’ (आदर्श) असेल तर पुस्तिकेत तसाच्या तसा द्या, भाषांतर करू नका. फौजेत त्या एका शब्दाला फार वजन आहे आणि तो वाचून जुने सैनिक थांबतात. दुसरा कागद पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. या दोन्हींवरच्या तारखा जुळल्या तर फौजेचा भाग झाला. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर पदकांकडे वळा. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि कोअर ठोकलेलं असतं. अक्षरं बारीक असतात. पदक हातात उभं धरून बाजूने टॉर्चचा तिरका प्रकाश टाका आणि मोबाइलने कडेचा फोटो काढून मोठा करून वाचा. पितळ चमकवायचं पॉलिश मात्र अजिबात लावू नका, घासून घासून हीच अक्षरं पुसली जातात. मऊ सुती कापडाने धूळ पुसली की पुरे.

मराठा पलटणीचा घोळ बहुधा असा झाला असेल. एज्युकेशन कोअरचा शिक्षक-हवालदार स्वतःच्या कोअरमध्ये क्वचितच राहतो. त्याची नेमणूक कुठल्याही पलटणीत होते, कधी इन्फंट्री, कधी तोफखाना, कधी सिग्नल्स. ग्रुप फोटो त्या पलटणीबरोबर निघतो, पाटीवर नाव त्या पलटणीचं असतं आणि घरच्यांना वाटतं हीच त्यांची रेजिमेंट. मूळ कोअर एकच, आणि तिचं केंद्र पचमढीला. पलटणींची नावं द्यायचीच असतील तर ‘नेमणूक’ म्हणून द्या. ते काय काम करत हेही लिहा. जवानांना आर्मी सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशनच्या थर्ड, सेकंड आणि फर्स्ट क्लाससाठी तयार करणं, नकाशावाचन शिकवणं. हे दाखले नसतील तर शिपायाची बढती अडते. म्हणजे बंदूक हातात असलेल्या माणसाच्या पुढच्या फितीचा रस्ता या शिक्षकाच्या फळ्यावरून जातो. आणि शाळेत भूगोल का, हेही त्यातून आपोआप कळतं.

पदकांबद्दल जपून लिहा. १९६५ चं रक्षा पदक त्या वेळी ठरावीक मुदतीची सेवा झालेल्या सगळ्यांना मिळालं. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना समर सेवा स्टार मिळाला, तो ताऱ्याच्या आकाराचा असतो. १९७१ चंही तसंच आहे. संग्राम पदक सेवेत असलेल्यांना, आणि पूर्व किंवा पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार. शिवाय १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत होते म्हणून स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक, आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं पदक. तुमच्याकडची चार गोल पदकं बहुधा हीच असतील, प्रत्येकावरचा मजकूर वाचून ताडून पाहा. यातलं एकही शौर्यपदक नाही. ‘१९७१ च्या युद्धात संग्राम पदकाने गौरव’ असं छापलं तर माहितगार माणूस पहिल्या पानावरच पुस्तिका मिटेल. ‘१९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धकाळांत सेवेत’ हे खरं आहे आणि पुरेसं मोठं आहे. ‘शहीद’, ‘वीर जवान’ हेही नको. ‘माजी सैनिक’ म्हणा. हुद्दा आधी, मग नाव, आणि ‘निवृत्त’ नावाच्या पाठी, अशी फौजेतली रीत आहे. निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही. नुसतं ‘हवालदार’ वाचून पोलीस वाटतं, म्हणून खाली कोअरचं नाव हवंच.

जन्मतारीख. १ जून दिसली की शंका घ्या. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आणि नाव घालताना गुरुजी वय बसवून १ जून लिहायचे, त्या पिढीतल्या हजारोंची कागदोपत्री तारीख तीच आहे. खरी तारीख बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मिळण्याची शक्यता जास्त, कारण तिथे मूल समोर असताना नोंद होते. ज्या मंडळीत बाप्तिस्मा झाला तिथे पाळकांना अर्ज देऊन उतारा मागा. दगडावर नोंदवहीतली तारीख घाला. पेन्शनच्या कुठल्याही कागदावर मात्र सरकारी तारीखच राहू द्या, तिथे दुरुस्ती करायला जाऊ नका, आईचं काम अडकेल.

तिरंगा नाही. काकांना नीट समजावून सांगा, त्यांची भावना खोटी नाही. ध्वज पांघरायला परवानगी फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलाच्या अंत्यविधीत असते. तेव्हाही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात आणि ध्वज कबरीत उतरवत नाहीत. इतर कुठेही ध्वजाचा आच्छादन म्हणून वापर १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानविषयक कायद्याने अपमान ठरतो, फोटोवरही आणि कबरीवरही. ठेवायचाच असेल तर काठीवर सरळ, बोलणारा श्रोत्यांकडे तोंड करून उभा राहिला की त्याच्या उजव्या हाताला. अशोकस्तंभाचं चिन्ह पुस्तिकेवर किंवा दगडावर नको, त्यालाही २००५ चा कायदा आहे.

जाता जाता, आई हयात असतील तर एक तपासा. फौजेचं आणि शाळेचं अशी दोन्ही कुटुंबनिवृत्तिवेतनं एकत्र मिळण्याची तरतूद २४ सप्टेंबर २०१२ पासून आहे. बऱ्याच घरांत एकच चालू असतं आणि दुसऱ्यासाठी अर्जच गेलेला नसतो. मृत्यूचा दाखला, पीपीओ आणि डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

---

प्रूफवाचक

पुस्तिकेबद्दल लिहितो.

२४ पानं चांगला आकडा आहे. मधोमध पिना मारायच्या तर पानसंख्या चाराच्या पटीत लागते. आतला कागद १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, कव्हर २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड. आत चकचकीत आर्ट पेपर घेऊ नका, वाचणारे बहुतेक सत्तरीचे असणार आणि दिव्याखाली तो कागद डोळ्यावर येतो. अक्षर १३ पॉइंटच्या खाली नको. या हिशेबाने एका पानावर दोनशे-सव्वादोनशे शब्द बसतात. फोटो धरून सगळा मजकूर तीन हजार शब्दांच्या आसपास ठेवा. पाच हजार गोळा झाले की डीटीपीवाला (संगणकावर पानं लावणारा) अक्षर १० वर आणतो, आणि मग ती पुस्तिका कपाटातच राहते. तीनशे प्रतींच्या आत असाल तर डिजिटल छपाई परवडते.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून द्या. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये किंवा उलट फिरवला की रफार पुढच्या अक्षरावर जातो, ‘दुसऱ्या’तला ऱ्य फुटतो आणि पहिल्या वेलांट्या जागा सोडतात. पीडीएफमध्ये फाँट एम्बेड केलेत ना, म्हणजे फाइलमध्येच बसवलेत ना, विचारा. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ पाहा, काही फाँटांत ते हिंदी वळणाचे येतात आणि मराठी डोळ्याला खटकतात. आणखी एक बारीक जागा म्हणजे वचनाचा संदर्भ. ‘४:७’ लिहिताना मराठी कीबोर्डवरून अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडतो आणि ‘४ः७’ होतं. स्क्रीनवर कळत नाही, छापल्यावर दिसतं. शेवटचं प्रूफ कागदावरच वाचा, आणि नावं व आकडे दोघांनी मिळून. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं.

काचेला चिकटलेले फोटो ओढू नका. मुंबईच्या दमट हवेत फोटोचा वरचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. फ्रेमचा मागचा पुठ्ठा आणि खिळे काढा, काच व फोटो एकत्रच राहू द्या आणि काचेसकट स्कॅन करा. स्कॅनरवर बसत नसेल तर खिडकीच्या बाजूच्या उजेडात, मागे काळं कापड धरून, कॅमेऱ्याने घ्या म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही. साध्या फोटोला ६०० डीपीआय (स्कॅनची सूक्ष्मता) पुरतं. पलटणीच्या मोठ्या ग्रुप फोटोतला दोन सेंटिमीटरचा चेहरा वेगळा काढायचा असेल तर १२०० ठेवा, तो छपाईत आठ सेंटिमीटरपर्यंत चालेल. ग्रुप फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली नावं, ठिकाण आणि वर्ष छापलेलं असतं. लोक नेमका तोच भाग कापून टाकतात. तो आधी स्कॅन करा, नेमणुकांची वर्षं तिथेच सापडतील. आणि मोबाइलवरच्या ‘रंगीत करा’, ‘चेहरा स्पष्ट करा’ ॲपांपासून लांब राहा. ती रिबनींचे रंग मनाने भरतात आणि चेहराही थोडा दुसऱ्याचा करून ठेवतात. डाग तेवढे काढा, बाकी फोटो आहे तसा छापा.

आता आठवणी. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मला वाटतं. ‘सरांबद्दल लिहा’ असं विचारलं की विशेषणंच येतात, कारण प्रश्नच तेवढा मोघम असतो. तीच विशेषणं उद्या कुठल्याही सरांच्या पुस्तिकेत चालतील. प्रश्न बारीक करा. नकाशा फळ्यावर काढताना सर सुरुवात कुठून करायचे? वही तपासून दिली की समासात काय लिहिलेलं असायचं? उशिरा येणाऱ्याला काय म्हणायचे, अगदी त्याच शब्दांत? एखादं मूल फी भरू शकत नसेल तर वर्गात ते कसं हाताळायचे? प्रत्येकाला यांतला एकच प्रश्न पाठवा, १५० शब्दांची मर्यादा आणि दहा दिवसांची मुदत द्या. टाइप करायला कंटाळणाऱ्यांना व्हॉइस मेसेज पाठवू द्या आणि तुम्ही उतरवून घ्या. बोलताना माणूस ‘मनमिळाऊ’ म्हणत नाही, ‘खडूचा तुकडा खिशात ठेवायचे’ असं काहीतरी म्हणतो.

आलेल्या २६ पैकी कोणालाही दुखवू नका. ज्यांच्याकडून नेमकं काही येणार नाही त्यांची नुसती नावं आणि एस.एस.सी.चं वर्ष एका पानावर एकत्र छापा. वर्षाने शाळेतला काळही तपासला जातो, १९७९ ची बॅच असलेला कोणी ‘सरांनी दहावीला शिकवलं’ म्हणत असेल तर कुठेतरी गल्लत आहे.

त्यांच्या हाताचं काही असेल, पाठाची टाचणवही, हजेरीपटाचं पान, पवित्र शास्त्राच्या समासातल्या नोंदी, तर एक पूर्ण पान त्याला द्या. हस्ताक्षर रंगीतच छापा. निळी शाई काळी केली की त्यातला जीव जातो.

---

मंडळी_सेवक

वरचं सगळं मोलाचं आहे. मी उपासना आणि शब्दांपुरतं बोलतो.

डीटीपीवाला सवयीने नावाआधी ‘कै.’ टाकेल. कैलासवासी हा शब्द आपल्या विश्वासात बसत नाही. ‘ख्रिस्तवासी’ किंवा साधं ‘दिवंगत’ लिहा. ‘पुण्यस्मरण’ऐवजी ‘प्रथम स्मृतिदिन’. तयार टेम्प्लेटमध्ये समई, पणती, हाराची चौकट असते तीही काढायला सांगा. ‘आत्म्यास शांती लाभो’ हे वाक्य बऱ्याच प्रोटेस्टंट पाळकांना खटकतं, कारण आपण मृतासाठी मागणं करत नाही, त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतो. कॅथलिक नातेवाईक असतील तर त्यांच्या पॅरिशमध्ये ते वेगळी मिस्सा देऊ शकतात, ती त्यांची रीत आहे, दोन्ही एका पत्रिकेत मिसळू नका. पत्रिकेवर ‘स्मरणार्थ व उपकारस्तुतीची उपासना’ लिहिलं की अर्थ नेमका पोहोचतो.

वार शनिवार घ्या, संध्याकाळी साडेपाच. रविवारी सकाळी चर्च आपल्या नेहमीच्या उपासनेत असतं आणि दिवसा लोकलचा मेगाब्लॉक. कल्याण, वसईकडून येणारी म्हातारी माणसं अडकतात. मार्च म्हणजे बहुधा लेंटचा, ईस्टरआधीच्या उपवासाचा काळ, तेव्हा पाळकांच्या आणि गायनवृंदाच्या तारखा आत्ताच नक्की करा. डिसेंबर लागला की नाताळापर्यंत कोणी हाताला लागत नाही. पास्टोरेट कमिटीला (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीला) पत्र द्यावं लागेल, हॉल आणि चहापाण्याचा उल्लेख त्याच पत्रात करा.

क्रम असा धरा. गीत आणि प्रार्थना दहा मिनिटं, शास्त्रवाचन पाच, जीवनवृत्तांत सात, तीन जणांची मनोगतं प्रत्येकी चार, गीत पाच, उपदेश पंधरा, कुटुंबासाठी प्रार्थना पाच, आभार तीन, शेवटचं गीत आणि आशीर्वाद सहा. उठबस धरून सव्वा तास. बिघडतं ते मनोगतांमध्ये. ‘दोन शब्द’ म्हणून माइक मोकळा सोडला की अर्धा तास जातो आणि उपदेश कापावा लागतो. तिघंच ठेवा, एक फौजेकडचा, एक विद्यार्थी, एक संडे स्कूलमधला, आणि त्यांनी लिहून आणलेलं वाचावं. जीवनवृत्तांत मुलांपैकी कोणी वाचणार असेल तर त्याची दुसरी प्रत पुढच्या बाकावर बसलेल्या कोणाकडे तरी असू द्या. आवाज भरून आला तर त्याने उभं राहून पुढे वाचायचं, थांबायला लागत नाही.

वाचनासाठी २ तीमथ्य ४:६-८ घ्या असं सुचवतो. त्यात युद्ध आहे, धाव आहे आणि राखलेला विश्वास आहे. फौजी माणूस, शिक्षक आणि विश्वासी तिघं एका वचनात बसतात. सोबत स्तोत्र २३ किंवा ९०. भाषांतरांमध्ये शब्द बदलतात, म्हणून पप्पांच्या स्वतःच्या पवित्र शास्त्रातूनच उतरवा आणि त्यातूनच वाचा. गीतांचे क्रमांक पत्रिकेवर देताना शेजारी पहिली ओळही छापा, लोक वेगवेगळ्या आवृत्त्या घेऊन येतात. सैनिकी स्पर्श हवा असेल तर ‘अबाइड विथ मी’ची धून चालेल. प्रजासत्ताक दिनानंतरच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात ती वर्षानुवर्षं वाजत असे, २०२२ पासून वगळली. ख्रिस्ती भक्तिगीतच आहे, त्यामुळे चर्चमध्ये परकी वाटत नाही.

बिगुलाला पाळकांची संमती आधी घ्या. जागा जीवनवृत्तांताच्या लगेच नंतर. सगळे उभे, ‘लास्ट पोस्ट’, दोन मिनिटं स्तब्धता, मग ‘राऊज’. ‘राऊज’ विसरू नका. पहिली धून दिवस संपल्याची आणि दुसरी उठण्याची, आणि आपण पुनरुत्थान मानतो, तेव्हा पहिलीवर थांबणं बरोबर नाही. वादकाला वेदीपाशी उभं करू नका, बंद चर्चमध्ये पितळी बिगुल कानठळ्या बसवतो. मागच्या दाराबाहेर व्हरांड्यात उभा राहिला की सूर लांबून आल्यासारखा येतो.

---

काळा_ग्रॅनाइट

दगडाचं सांगतो.

सगळ्यात आधी दफनाची पावती काढा आणि कबर कायमची आहे की ठरावीक मुदतीची ते पाहा. मुंबईत जागेची टंचाई आहे, मुदतीची कबर पुन्हा वापरली जाते. तशी असेल तर मोठं बांधकाम करू नका, छोटी पाटी करा जी पुढे भिंतीवर किंवा अस्थींच्या कोनाड्यावर लावता येईल. कायमची असेल तर कबर नंबर, पावती आणि दगडाचं मापासहित रेखाटन देऊन दफनभूमीच्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. कारागिराला ती दाखवल्याशिवाय आत काम सुरू करू देत नाहीत.

वेळ योग्य आहे. दफनानंतर एक पावसाळा जाऊ द्यावाच लागतो, माती बसते. घाईने दगड बसवला तर पुढच्या जुलैत एका बाजूने खचून तिरका होतो. तरीही दगड थेट मातीवर नको. खाली चार इंचांची सळई घातलेली काँक्रीटची पट्टी आणि पाणी निघायला भोक ठेवा.

संगमरवर घेऊ नका. शिवडी खाडीकाठी आहे. खारी हवा आणि पावसाने दोन-चार वर्षांत पृष्ठभाग खरखरीत होतो, अक्षरांत शेवाळ धरतं. काळा ग्रॅनाइट, २० मिलिमीटर जाड. दोन फूट बाय दीड फुटाची पाटी साधारण १५ किलोची होते. पूर्ण कबरीवरचा सहा बाय अडीच फुटांचा दगड ७५ किलोच्या घरात जातो, त्याला चार माणसं लागतात आणि त्याची मजुरी वेगळी.

अक्षराची उंची २५ मिलिमीटर, खोली दोन ते तीन. दीड फूट रुंदीत कडा सोडून एका ओळीत १६-१७ अक्षरं बसतात, त्या हिशेबाने मजकूर तोडा. बारीक वळणाचा फाँट दगडात टिकत नाही, वेलांटीचं टोक आणि अनुस्वार टवका होऊन उडतात. सारख्या जाडीचा ठळक फाँट द्या. सोनेरी रंग छान दिसतो पण उन्हापावसात लवकर उतरतो, पांढरा जास्त वर्षं वाचता येतो. मजकूर एवढाच पुरे:

क्रूस
हवालदार (नाव)
आर्मी एज्युकेशन कोअर
शिक्षक १९८०–२००१
जन्म … प्रभूमध्ये विसावा …
२ तीमथ्य ४:७

पूर्ण वचन कोरायचा मोह होतो, पण मग अक्षर १२ मिलिमीटरवर येतं आणि उभ्याने वाचता येत नाही. कोरण्याआधी कारागिराकडून खऱ्या मापाचा कागदी छाप मागा, भिंतीला चिकटवा आणि सहा फुटांवरून वाचा. सही त्या कागदावर करा, मोबाइलवरच्या चित्रावर नाही.

---

रविवारची_शाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्चार्ज बुक सापडलं, शेरा ‘एक्झेम्प्लरी’च आहे. कबर कायमची आहे. काकांना ध्वजाचं पटलं, काठीवर ठेवू म्हणाले.

एक राहिलं. भावंडं मिळून एक लाख रुपये शाळेला देऊन पप्पांच्या नावे दरवर्षी बक्षीस ठेवायचं म्हणतोय. ‘दहावीत पहिला’ याला द्यावं असं मुख्याध्यापकांनी सुचवलं.

---

प्रूफवाचक

पहिल्या आलेल्याला आधीच चार बक्षिसं असतात. त्यांचा विषय भूगोल, तर नकाशावाचनाला द्या. किंवा आठवीत नापासाच्या काठावर असून नववीत सगळ्यात जास्त सुधारणा केली त्याला. निकष आकड्यात लिहा, ‘दोन्ही वर्षांच्या वार्षिक टक्केवारीतला फरक’ असा, म्हणजे दरवर्षी वाद होत नाही.

---

मंडळी_सेवक

चेक शाळेच्या नावे नको, ती चालवणाऱ्या नोंदणीकृत ट्रस्टच्या नावे द्या. सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा की रक्कम कायम निधी म्हणून ठेवायची, मुदत ठेवीत, आणि खर्च फक्त व्याजातून. सहा टक्क्यांनी वर्षाला सहा हजार येतात. त्यातले पाच बक्षिसाला आणि एक मुद्दलात परत टाकायला सांगा, नाहीतर दहा-पंधरा वर्षांत बक्षिसाची किंमत एका वहीइतकी उरते. ट्रस्टला ८०-जी (देणगीवरची प्राप्तिकर सवलत) असेल तर पावती मागा. ट्रस्टचा ठराव झाला की त्याची प्रत घरी ठेवा, मुख्याध्यापक बदलतात आणि तोंडी ठरलेलं त्यांच्याबरोबर जातं.

पत्रात एक कलम आवर्जून घाला. मुंबईत मराठी माध्यमाचे वर्ग बंद होत चाललेत. वर्ग बंद झाला किंवा शाळा दुसरीत विलीन झाली तर निधी कुठे जाईल, त्या ट्रस्टच्या दुसऱ्या मराठी शाळेत की तुमच्या मंडळीच्या संडे स्कूलकडे, ते आत्ताच नाव घालून लिहा. आणि बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर पप्पांची दोन ओळींची ओळख छापायला सांगा, हुद्दा, कोअर आणि शाळेतली वर्षं. मजकूर तुम्ही द्या, पुस्तिकेतलाच.